‘माणसांसाठी नाही’ असं लिहून माणसांनाच झोपेची इंजेक्शनं विकणाऱ्यांना खुलं पत्र

‘संशोधनासाठी’ म्हणून झोपेची पेप्टाइडं (प्रथिनांसारखेच, पण छोटे रेणू) ऑनलाइन विकणाऱ्या सर्व व्यावसायिकांस,

नमस्कार.

गेली २१ वर्षं मी पुण्यात परिचारिका म्हणून काम करते. तुमची नि माझी ओळख नाही. पण तुमच्या दोन व्हायल माझ्या धाकट्या भावाच्या फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी मला सापडल्या, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं माझ्या मनात आहे. तुमच्या संकेतस्थळावर जो ईमेल दिलाय त्यावर मी तीनदा लिहिलं. उत्तर आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

एका व्हायलमध्ये तळाला चिकटलेली पांढरी भुकटी होती. दुसरीत पाणी घालून विरघळवलेलं औषध, अर्धं संपलेलं. तिचं रबरी बूच सुया टोचून टोचून खरबरीत झालं होतं. लेबलवर पेप्टाइडचं नाव, मिलिग्रॅमचा आकडा, ‘शुद्धता ९९ टक्के’, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, एक्सपायरी नाही. आमच्याकडे साधी सलाईनची बाटली लावायची झाली तरी आधी ती उजेडाकडे धरायची, उलटी करून आत काही तरंगतंय का बघायचं, बॅच आणि तारीख वाचायची, मगच रुग्णाच्या हाताला हात लावायचा, असं पहिल्या वर्षापासून अंगात मुरवलेलं असतं. त्या व्हायलवर वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

भाऊ हिंजवडीत अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी काम करतो. संध्याकाळी साडेसहाला लॉगिन, पहाटे साडेतीनला कॅब. घरी येऊन आडवा होईपर्यंत दूधवाला, पेपरवाला, शाळेच्या व्हॅनचे हॉर्न सुरू. सात वर्षं हे असंच चाललंय. दिवसा चार तास डोळा लागला तर नशीब. सुट्टीच्या दिवशी घरातले सगळे झोपतात तेव्हा हा टक्क जागा, आणि दुपारी जेवणाच्या ताटावर पेंगतो. जिममधल्या कुणीतरी त्याला तुमची लिंक दिली. मला सांगताना म्हणाला, ‘ताई, गोळ्यांची सवय लागते. हे शरीरातलंच असतं गं, बाहेरचं काही नाही.’ हे वाक्य त्याचं नव्हतं. नंतर तुमच्या पानावर मी ते जवळपास तसंच वाचलं.

त्याच्यावर रागावायला माझी जीभ रेटली नाही. नाईट ड्यूटी मीही केली आहे. सलग सहाव्या रात्रीनंतर घरी जाताना सिग्नलला स्कूटरवर डोळा लागलेला मला आठवतो. झोप न मिळालेला माणूस काहीही करायला तयार होतो, हे मला कळतं. तुम्हालाही ते कळतं, आणि तुम्ही माल विकता तो त्या जोरावर.

मग एक दिवस बेंबीच्या डाव्या बाजूला, जिथे तो टोचत होता तिथे, लालसर गाठ आली. चार दिवस त्याने लपवली. ताप १०२ वर गेला तेव्हा भावजयीने मला फोन केला. गळू झालं होतं. चिरा देऊन पू काढावा लागला, जखम उघडी ठेवून रोज आतपर्यंत गॉज भरायचा, तीन आठवडे ड्रेसिंग चाललं. ते मीच केलं. पुवात सापडलेले जंतू त्याच्या कातडीवरचे होते, सुईचे होते की तुमच्या बाटलीतले, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. पण कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी ‘काय टोचत होता?’ असं विचारल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधी तो ‘व्हिटॅमिन’ म्हणाला. मग मी व्हायल पर्समधून काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि केसपेपरवर ‘अज्ञात इंजेक्शन’ असं लिहिलं. २१ वर्षांत इतरांच्या कागदांवर मी हा शब्द दोन-तीनदा वाचला असेल. माझ्या भावाच्या कागदावर तो आला तुमच्यामुळे.

आता माझ्या तक्रारी मांडते.

सगळ्यात आधी तुमचे ९९ टक्के. हा आकडा वाचून माणसाला वाटतं की आत घाण असायला एकच टक्का जागा उरली. तसं नसतं. ज्या चाचणीतून हा आकडा येतो ती त्या नमुन्यातल्या पेप्टाइडसारख्या पदार्थांपैकी किती भाग हवा तो आहे एवढंच सांगते. भुकटी निर्जंतुक आहे का, हे त्यातून कळत नाही. मेलेल्या जीवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन उरलंय का, हेही कळत नाही, आणि हे विष ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, नेहमीसारखं उकडूनही जात नाही. रक्तात गेलं की हुडहुडी भरून ताप येतो. व्हायलमध्ये लेबलवर लिहिलेले मिलिग्रॅम खरोखर आहेत का, त्यात पाणी नि क्षार किती, हेही वेगळं मोजावं लागतं. इंजेक्शनच्या औषधासाठी या सगळ्या चाचण्या अनिवार्य असतात. तुमच्या पानावर त्यातली एकही मला दिसली नाही. आणि तो माल मे महिन्यात, फुगे असलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, बर्फाशिवाय, कुरियरने आला होता. भावाने पाकीट जपून ठेवलं होतं म्हणून मला कळलं.

दुसरी तक्रार जास्त खोल आहे, कारण ती नावाबद्दल आहे. भाऊ टोचत होता त्या पेप्टाइडचं नाव डेल्टा स्लीप इंड्यूसिंग पेप्टाइड, थोडक्यात डीएसआयपी. गाढ झोपेच्या लहरी आणणारं पेप्टाइड. हे नाव ऐकल्यावर दिवसा चार तास झोपणाऱ्या माणसाला दुसरं काय ऐकायचं उरतं? म्हणून मी हे नाव आलं कुठून ते शोधलं. स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथे मोनिए आणि शोएनेनबर्गर यांच्या गटाने सशांच्या मेंदूतल्या थॅलॅमस या भागाला विजेचे सौम्य झटके देऊन त्यांना झोपवलं, त्या सशांच्या मेंदूतून येणाऱ्या रक्तातून हा पदार्थ वेगळा केला, आणि तो दुसऱ्या सशांना दिल्यावर त्यांच्या मेंदूत झोपेच्या संथ लहरी वाढल्या असं त्यांना दिसलं. १९७७ मध्ये त्याची रचना जाहीर झाली. नऊ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. नाव त्या सुरुवातीच्या उत्साहात दिलेलं आहे.

पुढे काय झालं, ते तुम्ही तुमच्या पानावर लिहीत नाही. हे पेप्टाइड शरीर कुठल्या जनुकापासून बनवतं, ते सापडलं नाही. ते पेशीवर कुठल्या ग्राहीला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या रेणूला, जाऊन चिकटतं, तेही सापडलं नाही. रक्तात ते पटकन तुटतं. माणसांवर १९८० च्या दशकात लहान लहान प्रयोग झाले, काहींत आशा वाटली. १९९२ मध्ये जुनाट निद्रानाशाच्या १६ रुग्णांवर, कुणाला खरं औषध नि कुणाला खोटं हे कुणालाच माहीत नसताना, प्रयोग झाला. फरक इतका थोडा पडला की उपचार म्हणून याचा मोठा फायदा होण्याची शक्यता नाही, असं करणाऱ्यांनीच म्हटलं. २००६ मध्ये या सगळ्याचा आढावा घेणाऱ्या लेखाने त्याला ‘अजून न सुटलेलं कोडं’ म्हटलं. शास्त्रज्ञ ज्याला कोडं म्हणतात ते तुम्ही माझ्या भावाला उत्तर म्हणून विकलंत.

दुसऱ्या व्हायलवर एपिटॅलॉन लिहिलं होतं. ही चारच अमिनो आम्लांची साखळी. गुरांच्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीच्या अर्कावर काम करताना सेंट पीटर्सबर्गच्या व्लादिमीर खाविन्सन यांच्या गटाने ती घडवली. म्हाताऱ्या माकडांमध्ये रात्रीचं मेलाटोनिन, म्हणजे अंधार झाल्यावर त्या ग्रंथीतून स्रवणारं संप्रेरक, वाढलं असं त्यांनी लिहिलं आहे. बरंचसं लिखाण त्या गटाचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं आहे, आणि रात्रपाळी करणाऱ्या ३४ वर्षांच्या माणसाच्या घड्याळाबद्दल त्यातून काही हाती लागत नाही. तुमच्या पानावर मात्र ‘शरीराचं घड्याळ पुन्हा लावा’ असं ठळक लिहिलेलं आहे.

त्या घड्याळाबद्दल दोन शब्द लिहिते, कारण मला त्याचं फार अप्रूप आहे. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, जेमतेम २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. प्रत्येक पेशी स्वतःची वेळ राखते. त्या एकमेकींशी ताल जुळवतात तो बहुतांशी एका पेप्टाइडच्याच जोरावर, त्याचं नाव व्हीआयपी. ज्या उंदरांत ते नसतं त्यांच्या पेशींचा ताल विस्कटतो. म्हणजे झोप-जागेचा संबंध पेप्टाइडांशी आहे, हे खरंच आहे. पण तिथे ते त्या पेशीतून, त्या शेजारणीपर्यंत, त्या वेळेला पोचतं. पोटाच्या चरबीत टोचलेली सुई त्या पुंजक्याचं दार ठोठावते, असं कुणी दाखवलेलं नाही. त्या पुंजक्याला वेळ सांगतो तो मुख्यतः डोळ्यात शिरणारा उजेड. भावाला पहाटे घरी येताना गॉगल लाव, खोलीच्या खिडकीला जाड काळा पडदा लाव, असं सांगणारा माणूस त्याला भेटायला हवा होता. त्याऐवजी त्याला तुमचं पान भेटलं.

पेप्टाइडांच्या संशोधनाला माझा विरोध आहे असं कृपा करून कुणी समजू नये. ओरेक्सिन हे जागं ठेवणारं पेप्टाइड १९९८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी शोधलं. नार्कोलेप्सीच्या, म्हणजे दिवसा आवरता न येणाऱ्या झोपेच्या आजाराच्या, रुग्णांत ते बनवणाऱ्या पेशीच मेलेल्या असतात, हे दोन वर्षांत कळलं. मग त्याची ग्राही अडवणारी गोळी बनवण्याचं काम चाललं आणि सुव्होरेक्झंटला अमेरिकेत मंजुरी मिळाली २०१४ मध्ये. मध्ये १६ वर्षं गेली. प्राणी, निरोगी स्वयंसेवक, मग रुग्ण, प्रत्येकाचं सहीचं संमतिपत्रक, प्रत्येक दुष्परिणामाची नोंद. संशोधन म्हणतात ते याला. माझ्या भावावर झालं ते संशोधन असेल तर त्याची वही कुठे आहे? त्याला गळू झाल्याची नोंद तुमच्यापैकी कुणी घेतली?

आणि मी स्वतः पेप्टाइडं देतेच की. लेबर रूममध्ये ऑक्सिटोसिन लावते, तेही नऊच अमिनो आम्लांचं. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ते प्रयोगशाळेत घडवलं आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आम्ही ते थंड साखळीत ठेवतो, थेंब मोजून देतो, एक हात बाईच्या पोटावर आणि कान बाळाच्या ठोक्यांकडे, कारण जास्त गेलं तर गर्भपिशवी फाटू शकते. त्याच ऑक्सिटोसिनच्या बिनलेबलच्या बाटल्या गोठ्यांतून म्हशी पान्हवायला कशा फिरत होत्या, हे गावाकडच्या कुणालाही विचारा. रेणू तोच. तो कुणाच्या हातात, कुठल्या बाटलीतून आणि कुणाच्या जबाबदारीवर जातो, यावर सगळं ठरतं.

तिसरी तक्रार तुमच्या त्या बारीक ओळीबद्दल. ‘मानवी वापरासाठी नाही’ असं म्हणणाऱ्या दुकानात त्याच पानावर इन्सुलिनच्या सिरिंजा, विरघळवायचं पाणी आणि स्पिरिटचे बोळे एका संचात का मिळतात? ‘झोपण्यापूर्वी’ हा शब्द तिथे का आहे? प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीला झोपायची वेळ नसते. गिऱ्हाइकांचे अभिप्राय तुम्ही छापता, त्यात ‘आठवड्यात झोप सुधारली’ असं माणसं लिहितात. म्हणजे कोण टोचतंय हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात औषधाची व्याख्या करताना पदार्थ कशासाठी वापरायचा उद्देश आहे हे पाहिलं जातं. उद्देश तुमच्या पानभर लिहिलेला आहे. एक ओळ उलट लिहिल्याने तो पुसला जात नाही.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये ग्लिसरॉल देऊन १४ रुग्ण दगावले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षी बाईंनी हे सांगितलं होतं, तेव्हा वर्गात कुणी वहीचं पानसुद्धा उलटलं नव्हतं. जे माणसाच्या पोटात जाण्यासाठी बनलेलंच नव्हतं ते औषधाच्या बाटलीतून गेलं, की काय होतं, हे महाराष्ट्राला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही.

अमेरिकेत तिथल्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०२३ मध्ये डीएसआयपी आणि एपिटॅलॉन ही दोन्ही, औषधविक्रेत्यांनी स्वतः तयार करून देण्याच्या बाबतीत, सुरक्षिततेची मोठी शंका असलेल्या पदार्थांच्या गटात टाकली. कारणं दिली ती हीच: शरीर त्याविरुद्ध प्रतिक्रिया उभी करू शकतं, त्यातली अशुद्धता ओळखणं अवघड, माणसांवरची माहिती अपुरी.

आणखी एक, आणि ही तक्रार मला सगळ्यात जास्त लागते. ताप उतरल्यावर भावजय मला हळूच म्हणाली, ‘ताई, ते इतके घोरतात की मी आणि पिल्लू हॉलमध्ये झोपतो. मधेच श्वास बंद पडल्यासारखा वाटतो.’ झोपेची तपासणी केली. तासाला २७ वेळा त्याचा श्वास अडत होता. रात्रपाळी होतीच, पण रोग हाही होता, आणि त्यावर उपाय आहे. आता तो सीपॅप मशीन, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र, लावून झोपतो. तुमच्या ऑर्डरच्या चौकटीत वय, वजन, घोरणं, रक्तदाब काहीच विचारलेलं नव्हतं, फक्त पिनकोड. सात महिने तो तुमच्या व्हायलवर पैसे घालत राहिला आणि हे निदान सात महिने मागे पडलं.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

व्यक्तींना ही इंजेक्शनं विकणं थांबवा. खरंच संशोधनासाठी विकत असाल तर संस्थेचं पत्र आणि संशोधकाचं नाव घेतल्याशिवाय पाकीट पाठवू नका.

सिरिंजा, पाणी, मात्रेचे तक्ते आणि झोपेचे अभिप्राय त्या पानावरून आजच काढा.

प्रत्येक बॅचचा निर्जंतुकता आणि एंडोटॉक्सिनचा स्वतंत्र प्रयोगशाळेतला अहवाल, बनवणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह जाहीर करा. तो नसेल तर नाही असं त्याच जागी, त्याच मोठ्या अक्षरांत लिहा.

ज्यांना आजवर विकलं त्या सगळ्यांना कळवा की हे औषध म्हणून तपासलेलं नाही, आणि त्रास झाला असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. यादी तुमच्याकडे आहे, सवलतीचे मेसेज पाठवता तेव्हा ती सापडतेच.

केंद्र आणि राज्याच्या औषध नियंत्रण अधिकाऱ्यांनाही हे पत्र वाचायची विनंती आहे. ‘संशोधनासाठी’ हा शिक्का आणि शेजारी सिरिंज दिसली, तर ती औषधविक्री समजून परवाना विचारावा, एवढंच मागते. रात्रपाळी चालवणाऱ्या कंपन्यांनाही: रात्रपाळीने शरीराचं घड्याळ बिघडतं, त्यातून कर्करोगाचा संभव आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये म्हटलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तेच म्हटलं. वार्षिक तपासणीत रक्तातली साखर बघता, तसं ‘झोप कशी लागते, घोरता का’ हेही विचारा.

ज्यांनी हे टोचलं आहे त्यांनी लाजू नका. गाठ, ताप, पुरळ, काहीही असो, डॉक्टरांकडे जाताना व्हायल सोबत न्या. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या शासनाच्या मोफत क्रमांकावर करता येते. आपल्या नोंदीशिवाय कुणाकडे काही पुरावा नसतो.

त्या दोन व्हायल आता माझ्याकडे आहेत. एक सीलबंद, एक अर्धी. प्लॅस्टिकच्या पिशवीत तारीख घालून, आमच्या घरच्या फ्रिजमध्ये वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत. तुमच्यापैकी कुणाला त्या आपल्या आहेत असं वाटत असेल आणि आत काय होतं ते लेखी सांगायची तयारी असेल, तर नाव आणि पत्ता जाहीर करा. तपासणीचा खर्च मी देईन.

आपली,
एक परिचारिका आणि बहीण,
पुणे